मोहफुलांच्या दिवसांतलं मौन

मौनाची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. नंतरच्या बैठकांमध्ये ती 'आपण सर्वांनी ठरवलेली' झाली आणि मीही ते तसं होऊ दिलं. पण ठरवलं मी. त्या वर्षी आमच्या सेमिनरीत चॅपलची जबाबदारी माझ्याकडे होती आणि मला बडबडीचा मनापासून वीट आला होता.

आमची सेमिनरी, म्हणजे चर्चचे पाळक तयार करणारी शाळा, आरमोरीपासून आत, धानाचे बांध संपतात आणि जंगल सुरू होतं तिथे आहे. मी इथे पंधरा-सोळा वर्षं बायबलची इब्री, म्हणजे हिब्रू भाषा शिकवते. विद्यार्थी चाळीसेक. कोणी चंद्रपूरच्या खाणीच्या वस्तीतले, कोणी सिरोंच्याकडचे घरी तेलुगू बोलणारे, कोणी भामरागडच्या आतले, पावसाळ्यात ज्यांच्या गावाला जायला वाटच उरत नाही असे. सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सूर्य कलताना सगळे चॅपलमध्ये जमतात. कौलारू छप्पर, सागाच्या खिडक्या, खाली सतरंज्या, समोर एक साधा लाकडी क्रूस. ढोलकी, टाळ, तीन भाषांतली गाणी. बाहेरून आलेला पाहुणा भारावून जातो. मीही पहिली काही वर्षं भारावले होते.

मग हळूहळू कान किटले. आमच्याकडे प्रार्थना मोठ्याने करायची रीत आहे आणि तिची चढाओढ लागते. एकाची प्रार्थना पाच मिनिटं चालली की दुसऱ्याची सात. काहीजण देवाच्या आडून एकमेकांना टोमणे मारतात. 'प्रभू, जे बंधू न विचारता माझी बादली नेतात त्यांना सद्बुद्धी दे,' अशी प्रार्थना मी स्वतः ऐकली आहे, आणि मागून बादलीवाल्याचं 'आमेन'ही ऐकलं आहे. मी हसले होते. पण नंतर मला राग आला. माझ्या नाकावर राग असतोच, तो लपवण्यात अर्थ नाही. ही माणसं उद्या गावोगावी पाळक म्हणून जाणार आणि यांना दोन मिनिटं गप्प बसून ऐकता येत नाही, असं मला वाटायचं.

म्हणून ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आधीचे तीन दिवस, गुरुवार ते शनिवार, पूर्ण मौन पाळायचं मी ठरवलं. फोन ऑफिसच्या कपाटात बंद. सकाळच्या उपासनेआधी उजाडताना प्रत्येकाने तासभर नाल्याकाठी एकटं बसायचं. जे बोलावंसं वाटेल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि चॅपलच्या दाराशी ठेवलेल्या पेटीत टाकायचं. पेटी उघडायची ती शनिवारी संध्याकाळी. तेव्हा त्या चिठ्ठ्या प्रार्थना म्हणून वाचायच्या. कोणी आजारी पडलं तर काय करायचं, असं एकाने विचारलं. चिठ्ठी लिहायची, असं मी म्हणाले. सगळे हसले आणि मला माझ्याच उत्तराचं कौतुक वाटलं.

मेसच्या बाईंनाही सांगणं भाग होतं. साठीच्या, विधवा, गावातल्याच. मुलगा त्या दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, घरी त्या आणि सून. त्या काही आमच्या धर्माच्या नव्हत्या, पण ढोलकी सुरू झाली की हातातलं लाटणं तसंच धरून चॅपलच्या पायरीवर येऊन बसायच्या. त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. भांड्यांशी, मांजरीशी, चुलीशी, कोणाशीही बोलायच्या. मी त्यांना तीन दिवसांचं सगळं समजावलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"न बोलल्यानं देव जवळ येते का, म्याडम?" त्यांनी विचारलं. "मंग आमच्या गावातला मुका तं देवाच्या मांडीवरच बसला असंन."

मी म्हणाले, बाई, तुम्ही निदान उपासना चालू असताना आवाज करू नका, म्हणजे झालं. त्या मान डोलावून पोळ्यांकडे वळल्या.

मार्च संपत आला होता, मोह गळायचे दिवस. या दिवसांत गावातल्या बाया उजाडायच्या आतच टोपल्या घेऊन निघतात आणि झाडाखाली वाकून फुलं वेचतात. नाल्याच्या अलीकडे आमचे विद्यार्थी एकांतात बसायचे, पलीकडे मोहाची झाडं होती. बाई तिकडून वेचणी करून सव्वासहाला मागच्या कुंपणातून थेट स्वयंपाकघरात यायच्या. टोपलीचा गोड, जड वास आमच्या पहिल्या गाण्याबरोबरच चॅपलमध्ये शिरायचा. महिन्यापूर्वी वनखात्याचा गार्ड फाटकावर एक कागद चिकटवून गेला होता, जंगलात एकटं जाऊ नये म्हणून. शेजारच्या गावात वाघाने एक गाय मारली होती. आम्ही तो कागद वाचला आणि आपापल्या कामाला लागलो. असे कागद आमच्याकडे दर वर्षी लागतात.

गुरुवारची सकाळ मी विसरणार नाही. पहिली पाच-दहा मिनिटं खोकले, खाकरणं, सतरंजीवरची चुळबुळ. मग ते सगळं विरत गेलं आणि चाळीस माणसांचा नुसता श्वास उरला. माझे डोळे भरून आले. मला देव जवळ आल्यासारखा वाटला, हे मी आजही खोटं म्हणणार नाही. तेच तर कळत नाही. पुढे जे झालं त्याने ती सकाळ खोटी ठरावी ना? ती ठरत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही तसेच बसलो असताना नाल्यापलीकडे वानरं ओरडली. नेहमीसारखी नाही. ते खर्जातलं, थांबून थांबून येणारं खोकल्यासारखं ओरडणं. मग चितळाची एक तीक्ष्ण हाक आली आणि परत वानरं. खिडकीजवळ बसलेल्या तिघा-चौघांनी डोळे उघडून एकमेकांकडे पाहिलं. जवळपास वाघ आहे, हा त्या आवाजाचा अर्थ त्या चाळीस माणसांत निम्म्यांना तरी कळत होता. मलाही कळत होता. मी काही शहरातून आलेली नाही. माझे वडील जंगलातल्या गावात पाळक होते आणि ते ओरडणं ऐकलं की आई आम्हाला अंगणातून ओढून घरात घ्यायची. पण त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की यांचं लक्ष उडालं. मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. त्यांनी माना खाली घातल्या. वानरं बराच वेळ ओरडत राहिली आणि आम्ही बसून राहिलो.

शुक्रवारी एकांताचा तास संपवून सगळे परत येत होते. मी चॅपलच्या दारात उभी होते. भामरागडकडचा एक विद्यार्थी सगळ्यांच्या पुढे, घाईने आला. विद्यार्थी म्हणायचा, पण वय चाळिशीचं. बारा वर्षं पायी गावोगाव येशूची सुवार्ता सांगत फिरलेला, अभ्यासाला उशिरा आलेला. शिक्षकाचा शब्द त्याच्यासाठी हुकूम असायचा, इतका की कधी कधी मलाच अवघडल्यासारखं व्हायचं. त्याच्या पायांना घोट्यापर्यंत चिखल होता.

"मॅडम," तो म्हणाला.

मी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पेटी दाखवली.

त्याने नाल्याकडे हात केला. मी पुन्हा पेटी दाखवली. त्याला काही दर्शन वगैरे झालं असेल, असं मला वाटलं. मौनात असं होतं, आणि मग ते सांगायची घाई होते, असं मी कुठेतरी वाचलं होतं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग पेटीशेजारचं पेन्सिलीचं थोटुक उचललं, भिंतीला कागद लावून लिहिलं, घडी घातली आणि चिठ्ठी आत टाकली. टाकल्यावर त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला बरं वाटलं.

दुपारी तो ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात नुसताच उभा असलेला मला दिसला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, भूक लागली असेल असं समजून त्याच्या ताटात आणखी भाजी वाढली. त्याने ते ताट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या माठाशी उभी होते. तो जाऊन जेवायला बसला. बाईही त्या दिवशी गप्प होत्या. एक शब्द नाही, भांड्यांचा आवाजसुद्धा बेताने. मला गंमत वाटली. म्हटलं, चला, यांनाही थोडी गोडी लागली.

शनिवारी साडेसहाला आम्ही बसलो तेव्हा मोहाचा वास आला नाही. चुलीचा धूर नाही, झाकण्यांचा आवाज नाही. खिडकीतून मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. कडी तशीच लावलेली. बाईंना उशीर म्हणून कधी झालेला नव्हता. मी डोळे मिटले आणि स्वतःला सांगितलं की प्रार्थनेत नाश्त्याचा विचार करू नये. आजूबाजूचेही सगळे जागे होते. मौनातली माणसं आणि घाबरून गप्प बसलेली माणसं, दोन्ही सारखीच शांत दिसतात, पण बसणाऱ्याला फरक कळतो.

वीसेक मिनिटं गेली असतील. नाल्यापलीकडून बायांच्या हाका आल्या. "काकी! ओ काकी!" एक हाक, दुसरी, मग तीन-चार एकदम. मग नुसती किंकाळी.

कोणी उठलं नाही. सगळे माझ्याकडे वळून पाहत होते. चाळीस मोठी, धडधाकट माणसं माझ्या परवानगीची वाट पाहत होती आणि मी ती दिली नाही.

पहिला उठला तो भामरागडचा. आपल्या भाषेत मोठ्याने ओरडत तो अनवाणी धावत सुटला आणि मग चॅपल रिकामं झालं. कोणी थाळ्या घेतल्या, कोणी ढोलकी, कोणी काठ्या. एवढा आवाज करत गेले की दुपारपर्यंत माझ्या कानात तो घुमत राहिला. वाघीण बाईंना सोडून रानतुळशीच्या झुडपांत निघून गेली होती. तिच्यासोबत पिल्लं होती. बाई तेव्हाच गेल्या होत्या. बाकीचं मी पाहिलं आहे आणि ते मी लिहिणार नाही.

दुपारी वनखात्याची गाडी आली, पंचनामा झाला. सावलीत बसलेल्या बाया एकमेकींना तेच तेच सांगत होत्या आणि मी ऐकत होते. मोह वेचताना बाया सारख्या बोलत राहतात. एकमेकींना हाका घालतात, उगाच चिडवतात, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं आणि जनावरालाही माणसं आहेत हे कळतं. तीन दिवस बाई ओ देत नव्हत्या. हाक मारली की ओठांवर बोट ठेवून हसायच्या. म्याडमचा तोंडाचा उपास आहे, मीबी धरला, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे शनिवारी त्यांची ओ आली नाही याचं बराच वेळ कोणाला काही वाटलं नाही.

मी त्यांना फक्त उपासनेच्या वेळी आवाज नको म्हणाले होते. हे वाक्य मी त्या दिवशी मनात इतक्यांदा म्हणाले की त्यातला अर्थ निघून गेला.

संध्याकाळी कोणी न बोलावता सगळे चॅपलमध्ये येऊन बसले. मी पेटी उचलून शेजारच्या खोलीत नेली. दार लावलं आणि चिठ्ठ्या उघडल्या. डास फार आहेत. आईची तब्येत. परीक्षेची भीती. 'मी माझ्या भावाला क्षमा केली नाही.' आणि मग ती, पेन्सिलीने, शाळेतल्या वळणदार अक्षरात: 'नाल्याच्या पलीकडे मोहाखाली वाघिणीचे ताजे पंजे आहेत. पिल्लांचेही आहेत. बाईला उद्या तिकडे जाऊ देऊ नये, ही विनंती. आमेन.'

मी ती चिठ्ठी ब्लाउजमध्ये खोचली आणि बाहेर येऊन सांगितलं की आज चिठ्ठ्या वाचायच्या नाहीत.

रविवारी आम्ही शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन चॅपलभोवती फेरी काढली, गाणं न म्हणता. फाटकापाशी बाईंची सून उभी होती. स्वयंपाकघरात राहिलेला सासूचा डबा आणि शाल न्यायला आली होती. आदल्या दिवशीच बाईंना माती दिली होती आणि नवरा अजून पोचला नव्हता. मी डबा आणून दिला. तिने तो घेतला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं.

"म्याडम, तुमाले मालूम होतं का, वाघीण इकडं हाय म्हणून?"

"नाही," मी म्हणाले.

हिशेबाने ते खरं होतं. बाई गेल्या तेव्हा मी चिठ्ठी वाचलेली नव्हती. भामरागडचा माझ्या मागेच उभा होता, हातात झावळी घेऊन. सून निघून गेली. मी इतकी वर्षं एक एक शब्द सोलून त्याचे अर्थ शिकवते. त्या एका 'नाही'ला काय म्हणतात हे मला चांगलं ठाऊक होतं. मी भ्याले होते. सेमिनरीचं नाव, माझी नोकरी, गावाचा राग, सगळ्याला. आणि सगळ्यात जास्त त्या सुनेच्या डोळ्यांना.

सोमवारी तो माझ्या खोलीच्या दाराशी आला.

"मॅडम, माझी चिठ्ठी मले परत द्या."

कशाला, असं मी विचारलं. बाईंच्या घरी जातो, म्हणाला. पंजे पाहिले होते आणि तोंडाने सांगितलं नाही, हे त्यांना सांगायचं आहे. पेटीत टाकलं म्हणजे सांगितलंच, असं त्याला वाटलं होतं. मॅडम वाचतील, असं वाटलं होतं. त्याने संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, मग सकाळ झाली, एवढं सांगून तो थांबला.

"तुमचं नाव नाई घेत," तो म्हणाला. "भिऊ नका."

मला आधी संताप आला. तू कोण मला सांभाळून घेणारा, असं काहीतरी मी बोललेही. तो खाली पाहत उभा राहिला. त्याने मला दोष दिला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण त्याने ते सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं आणि वर मला धीर देत होता. ते मला सोसलं नाही. उद्या मीही येते, मी म्हणाले.

मंगळवारी दुपारी आम्ही दोघं गेलो. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, गुरुवार-शुक्रवारची. सून त्यांच्यातला कचरा निवडत बसली होती. तिने बाज दाखवली. आम्ही खालीच बसलो. बाईंचा मुलगा पोचला होता, पण आत झोपला होता. मी चिठ्ठी काढली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मलाच वाचावी लागली. 'आमेन'सुद्धा वाचलं.

"हे कवाचं हाय?" तिने विचारलं.

"शुक्रवार सकाळचं," मी म्हणाले.

तिने त्याच्याकडे पाहिलं. पंजे तुमी पायले होते, तर घरी येऊन सांगाले तोंड नव्हतं का, असं तिने त्याला विचारलं. तो बोलायला लागला की चूक त्याची आहे. मी त्याला थांबवलं. म्हणाले, हा सांगायला आला होता, माझ्याकडे आला होता, मी याला बोलू दिलं नाही. तिचा हात फुलांमध्ये तसाच होता.

"परवा तुमी नाई म्हटलं."

"खोटं म्हणाले. भ्याले होते."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिने ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"आता सांगून राह्यले," ती म्हणाली. "मी काय करू याचं?"

उत्तर नसलं की आमची माणसं जे करतात तेच मी केलं. प्रार्थना करू का, असं विचारलं. तिने होकाराची मान हलवली. मी डोळे मिटले, मान खाली घातली, हात जोडले. शेजारी त्यानेही. इतक्या दिवसांनी मला खरोखरच देवाशी बोलायचं होतं, आणि सवयीने मी ते मनातल्या मनात सुरू केलं.

"मनात नोका करू," ती म्हणाली. "मोठ्यानं करा. मले ऐकू आलं पायजे."

मी डोळे उघडले. तिचे उघडेच होते. मी सुरुवात केली. हे देवा, म्हणाले, आणि तिच्याकडेच पाहत बोलत गेले. गुरुवारी वानरं ओरडली ती मी ऐकली होती, ते सांगितलं. शुक्रवारी हा माणूस चिखलाच्या पायांनी माझ्यासमोर येऊन उभा राहिला, ते सांगितलं. याने तोंड उघडलं, ते सांगितलं. आणि मी, म्हणाले, आणि तिथेच थांबले.

ती वाट पाहत होती.

"मंग?" ती म्हणाली.